लाइनमन : व्यवसायप्रवेश व प्रशिक्षण यांचा इतिहास

विजेचे पारेषण व वितरण करणाऱ्या खांबांवरील तारा, निरोधक, रोहित्रे व तदनुषंगिक सामग्री यांची उभारणी, देखभाल व दुरुस्ती करणाऱ्या कामगारास लाइनमन म्हणतात. घरातील वा कारखान्यातील तारजोडणी करणाऱ्या वायरमनपेक्षा (तारतंत्र्यापेक्षा) त्याचे काम वेगळे असते. उंची, उच्च विद्युत् दाब आणि प्रतिकूल हवामान हे तिन्ही धोके त्यात एकत्र येतात. त्यामुळे नवख्याने खांबावर केव्हा व कोणाच्या देखरेखीखाली चढावे, हा या व्यवसायाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

उदय : या व्यवसायाचा उगम तारायंत्रात आहे. अमेरिकेत सॅम्युएल मोर्स यांचा वॉशिंग्टन ते बॉल्टिमोर हा तारमार्ग 1844 मध्ये सुरू झाला व पुढे खांबांवर चढून तारा ओढणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला. तारायंत्राचा विद्युत् दाब अल्प असल्याने त्यांना मुख्य भय पडण्याचे असे. 1880 नंतर प्रज्योत दिव्यांच्या व वीजपुरवठ्याच्या उच्च दाबाच्या तारा शहरांतून त्याच गर्दीत ओढल्या गेल्या. कामगार तेच राहिले, पण तार पूर्वीची राहिली नाही. 11 ऑक्टोबर 1889 रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन फीक्स हा तारायंत्राचा लाइनमन भर रस्त्यावर, शेकडो लोकांच्या देखत मरण पावला. तो हाताळीत असलेली तार कमी दाबाची होती. परंतु दुसरीकडे तिचा उच्च दाबाच्या तारेशी संपर्क आला होता. या घटनेनंतर तेथील उघड्या तारा काढून त्या भूमिगत करण्याच्या कामास वेग आला. ‘तपासून पाहिल्याशिवाय कोणतीही तार मृत मानू नये’ हा आज सर्वत्र शिकविला जाणारा नियम अशा अनुभवांतूनच दृढ झाला.

संघटना व उमेदवारी : त्या काळी पद्धतशीर प्रशिक्षण नव्हते. खांबाखाली साहित्य पुरविणारा पोऱ्या वरच्याचे पाहून शिके व जागा रिकामी झाली की स्वतः चढे. दिवसाला बारा तास काम व तुटपुंजे वेतन ही सामान्य स्थिती होती. काही भागांत कामावर घेतलेल्या दोघांपैकी एकाचा कामावरच मृत्यू होई, असे या कामगारांच्या संघटनेच्या इतिहासात नमूद आहे. ही संघटना सेंट लुइस येथे नोव्हेंबर 1891 मध्ये दहा प्रतिनिधींच्या अधिवेशनात स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हे स्वतः लाइनमन होते. 1896 मध्ये वॉशिंग्टन येथे काम करीत असताना विजेचा धक्का बसून ते खांबावरून पडले व मरण पावले. वेतनाइतकाच उमेदवारीच्या पद्धतीचा आग्रह या संघटनेने धरला. अमेरिकेत 1937 मध्ये उमेदवारीविषयक राष्ट्रीय कायदा झाला. पुढे जमिनीवरचा मदतनीस, उमेदवार व कुशल कारागीर अशा पायऱ्या रूढ झाल्या. उमेदवारीचा काळ सामान्यतः चार वर्षांचा असून त्यात वर्गातील अभ्यास व प्रत्यक्ष काम यांची सांगड घातलेली असते.

भारत व महाराष्ट्र : भारतात वीजपुरवठ्याचे नियमन करणारा व्यापक कायदा 1910 मध्ये झाला. खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून मुंबईस 1915 पासून वीज मिळू लागली आणि सह्याद्रीच्या घाटातून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारमार्गाच्या देखभालीचे काम निर्माण झाले. भारतीय वीज नियम, 1956 यांनुसार तारा हाताळण्यापूर्वी त्यांतील विद्युत् भार काढून त्या भूसंपर्कित करणे व विजेच्या धक्क्यावरील उपचारांच्या सूचना ठळकपणे लावणे बंधनकारक झाले. या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या 2010 च्या व त्यानंतर 2023 च्या विनियमांनी घेतली.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ 1960 मध्ये स्थापन झाल्यावर गावठाणे व कृषिपंप यांपर्यंत वीज नेण्याच्या कामाने लाइनमनची गरज एकदम वाढली. प्रारंभी हेल्पर म्हणून लागलेला माणूस अनुभवाने वर चढे. दुसरीकडे, केंद्र शासनाची 1950 ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 यांमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम या व्यवसायाचे प्रवेशद्वार बनले. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तेथे विद्युत् सहाय्यक म्हणून ठराविक मुदत पूर्ण केल्यानंतर उमेदवारास तंत्रज्ञ म्हणून नेमण्याची पद्धत सुरू झाली. 2010 नंतरच्या दशकात स्त्रियाही या पदांवर मोठ्या संख्येने येऊ लागल्या.

कामाची शिस्त : नवशिक्यास प्रथम खांबावर चढणे नव्हे, तर कामाचा क्रम शिकावा लागतो. उपकेंद्रातून परवानगी (परमिट) घेणे, पुरवठा खंडित करणे, स्विच कुलूपबंद करून सूचनाफलक लावणे, तार मृत असल्याची चाचणी करणे, विसर्जन दंडाने कामाच्या दोन्ही बाजूंस तारा भूसंपर्कित करणे आणि मगच सुरक्षापट्टा, शिरस्त्राण व रबरी हातमोजे यांसह चढणे, असा हा क्रम होय. परवानगी ज्याच्या नावे असेल त्यानेच ती परत करावयाची असते, कारण खांबावर कोण आहे हे त्यालाच ठाऊक असते. ग्राहकाकडील जनित्र वा इन्व्हर्टर यांमधून बंद केलेल्या तारमार्गात उलट दिशेने वीज येऊ शकते; म्हणून स्विच उघडल्यानंतरही भूसंपर्कन टाळता येत नाही.

पावसाळ्यातील रात्री खंडित पुरवठा लवकर सुरू करण्याचा ताण, अपुरे मनुष्यबळ आणि अल्पप्रशिक्षित कंत्राटी कामगारांवर सोपविलेले काम यांमुळे हा क्रम मोडला जाण्याचा धोका असतो. नियम पुरेसे स्पष्ट असूनही अपघात घडतात ते प्रामुख्याने या ठिकाणी. अनुभवी लाइनमनच्या देखरेखीखाली पुरेसा काळ काम केल्यावरच उमेदवारास स्वतंत्र जबाबदारी देणे, हा सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेला उपाय होय.