मांजराची नखे आणि बैलाची वेसण

पाळीव मांजराच्या पंजांतील नखे शस्त्रक्रियेने कायमची काढून टाकावीत काय, आणि काढायचीच तर मांजर किती वयाचे असताना, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतील शहरी कुटुंबांत जितक्या सहजपणे विचारला जाई, तितक्या सहजपणे नागपुरात तो कधी विचारला गेला नाही. त्यावरून नागपूरकरांच्या मनात मुक्या जनावरांविषयी कणव अधिक होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण याच प्रदेशात गोऱ्ह्याचे नाक टोचणे, त्याला बडवून बैल करणे, जनावराला डागणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या आणि ठरावीक वयात बिनबोभाट होत आली. कोणत्या जनावराच्या शरीराला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे येथे शेतीच्या गरजेने ठरवले; त्या हिशेबात मांजराची नखे शाबूत राहण्यातच घरधन्याचा लाभ होता.

मांजराचे नख माणसाच्या नखासारखे बोटावर नुसते बसलेले नसते, तर बोटाच्या अगदी शेवटच्या हाडातून उगवते, त्यामुळे ते पुन्हा वाढू नये अशी अपेक्षा असेल तर त्या हाडासकट बोटाचे टोक कापावे लागते. पशुवैद्यकात ‘ओनिकेक्टॉमी’ या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात पुढच्या दोन्ही पंजांच्या मिळून दहा बोटांचे शेवटचे पेर छाटणे होय. मागच्या पंजांची आठ बोटे बहुधा सोडून दिली जात. मांजर टाचा न टेकता बोटांवर चालणारा प्राणी असल्याने या छाटणीचा परिणाम त्याच्या चालीवर होतो, आणि अशी काही मांजरे पुढे वाळूच्या तबकाला टाळू लागतात किंवा नखांऐवजी दातांचा वापर करू लागतात. शिकागो येथील पशुवैद्य मिसनर यांनी १९५२ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या शस्त्रक्रियेविषयी लिहिले, आणि तिची सर्वांत जुनी छापील नोंद म्हणून त्याच लेखनाकडे बोट दाखवले जाते. त्याआधी पाचच वर्षे, १९४७ मध्ये, मिशिगनच्या एडवर्ड लोव यांनी मांजराच्या विष्ठेसाठी शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली होती. मांजर चोवीस तास बंद घरात ठेवणे या मातीमुळे सोपे झाले आणि मग त्याच्या नखांची गाठ गाद्यागिरद्यांशी पडली. दोन्ही घटना इतक्या लागोपाठ घडाव्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

नागपूर आणि वऱ्हाडातील घरात मांजराचे स्थान अगदी वेगळे होते. ज्वारी, तूर आणि गहू कणगीत किंवा मातीच्या कोठीत साठवणाऱ्या घरात उंदीर हा कायमचा भागीदार असे, आणि मांजर पाळले जाई ते त्याला आवर घालण्यासाठी. त्याला दूधभाताचा वाटा मिळे, पण ते कोणाच्या मालकीचे हे सांगणे अवघडच होते, कारण एकाच मांजराचा वावर चार घरांत आणि सगळ्यांच्या कौलांवर असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेला प्लेग पुढील काही वर्षांत मध्य प्रांतातही पसरला, तेव्हा या दुर्लक्षित प्राण्याला काही काळ सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत जागा मिळाली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरे ही प्लेगला आळा घालणारी आहेत असे प्रतिपादन केले. हे गृहस्थ हौशी सिद्धान्तकार नव्हते; लाखोळीच्या डाळीमुळे पाय लुळे पडण्याच्या रोगाचा त्यांनी मध्य प्रांतात अभ्यास केला होता आणि त्याचा अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला होता. ज्या गावांत मांजरे पुरेशी होती तेथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो हे तोवर प्लेग आयोगाच्या प्रयोगांतून दिसून आले होते, म्हणून उंदीर हटवण्याची कल्पना तर्काला धरून होती. मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्या अंगावरूनही पिसवा घरात येऊ शकतात, ही त्या युक्तिवादातली मोठी उणीव होती. तरीही ज्या प्रदेशात एक सरकारी डॉक्टर लोकांना मांजरे पाळण्याचा आग्रह करीत होता, तेथे मांजराची नखे काढणे म्हणजे रात्रीच्या राखणदाराच्या हातातील काठी काढून घेण्यासारखे झाले असते.

बैलाच्या बाबतीत मात्र ‘करावे काय’ हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता तो केवळ ‘केव्हा’ याचा, आणि त्याचे उत्तर जनावराच्या दातांवरून दिले जाई. दुधाचे दात असलेला गोऱ्हा ‘आदत’, पुढचे दोन पक्के दात आले की ‘दोन दाती’, अशी वयाची गणना शेतकऱ्यांत आणि बैलबाजारात चाले. वेसण, म्हणजे नाकाच्या पडद्यातून ओवलेली दोरी, लवकर घातली जाई. बडवण्याचे काम मात्र गोऱ्ह्याची मान आणि वशिंड भरल्यावर करावे, नाहीतर ओढीला जोर येत नाही, असा समज होता. वर्धा आणि नागपूर भागातील गवळाऊ जातीचे चपळ बैल भोसल्यांच्या काळापासून वेगासाठी नावाजलेले असल्याने हे वेळापत्रक चुकू न देण्याकडे मालकाचे विशेष लक्ष असे. जुन्या पद्धतीत अंडाशी जोडलेल्या नसा दगडाने किंवा लाकडाने ठेचल्या जात, आणि ती वेदना किती काळ टिके हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते. पुढे बर्डिझो या इटालियन पशुवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा चिमटा आला, ज्यात कातडी न फाडता आणि रक्त न सांडता त्याच नसा दाबून तोडता येतात, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून तो सर्वत्र रूढ झाला. ज्या बैलावर हे सारे झाले त्यालाच पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, नवी वेसण आणि झूल घालून, पुरणपोळीचा घास दिला जाई. या दोन्ही गोष्टींत विसंगती आहे असे त्या समाजाला वाटले नाही, आणि आजच्या वाचकाने ती शोधून त्या समाजाला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही.

मांजराच्या कुळातील ज्या नखांना नागपूरच्या बाजारात खरोखर किंमत होती ती वाघाची होती. सोन्याचांदीत मढवलेले वाघनख लहान मुलाच्या गळ्यात बांधण्याची चाल वऱ्हाड-नागपुरातही होती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा आधारच काढून घेतला.

घरगुती प्राण्यांविषयीचा कायदा त्याआधीच, १९६० मध्ये, आला होता. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून ज्याची वाट मोकळी झाली, त्या ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याच्या’ अधिनियमाचे कलम ११ प्राण्याचा अवयव छिन्न करणे हा गुन्हा ठरवते. मात्र त्याच कलमाचे तिसरे पोटकलम गुरांची शिंगे काढणे आणि कोणत्याही प्राण्याला खच्ची करणे, डागणे किंवा वेसण घालणे या कृतींना, त्या विहित रीतीने केल्यास, गुन्ह्यातून वगळते. ही सूट वाचताना डोळ्यांसमोर गोठा उभा राहतो, दिवाणखाना नव्हे. शेतीप्रधान देशाने आपल्या जुन्या चालींपुरती फट ठेवून दार लावले, आणि जी चाल येथे नव्हतीच तिच्यासाठी फट ठेवण्याचे कोणाला सुचले नाही; परिणामी मांजराच्या नखांचा नावानिशी उल्लेख नसतानाही केवळ सोयीसाठी केलेली त्यांची छाटणी सुटीच्या बाहेर पडते. युरोपात हीच गोष्ट १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात नाव घेऊन निषिद्ध करावी लागली, आणि अमेरिकेत संपूर्ण राज्यापुरती पहिली बंदी न्यूयॉर्कने २०१९ मध्ये घातली. भारतीय कायद्याची दुर्बलता शिक्षेत आहे: पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये ठरवला गेला, जो १९६० मध्ये निदान जाणवण्याजोगा होता.

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले, तेव्हा पशुवैद्य म्हणजे गाईम्हशींचा डॉक्टर हेच समीकरण होते. २००० साली स्थापन झालेल्या आणि मुख्यालय नागपुरात असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा काळ येईपर्यंत शहरात सदनिका वाढल्या, कणग्या गेल्या आणि पर्शियन मांजरे आली. उंदराशी संबंध नसलेले आणि सोफ्याशी असलेले मांजर आता येथेही आहे. पाळीव प्राण्यांच्या शरीरावरील वाद मात्र कुत्र्यांच्या निमित्ताने झाला: शेपूट आणि कान कापण्याच्या प्रघाताविरुद्ध भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये भूमिका घेतली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. मांजराच्या मालकापुढे नखांची टोके दर दोनतीन आठवड्यांनी कातरणे, ती सवय पिल्लू असतानाच लावणे, आणि दोरी गुंडाळलेला खांब सोफ्यापाशी उभा करणे हे उपाय आहेत. पेर काढण्याचे वैद्यकीय कारण उरते ते बोटात गाठ झाली किंवा औषधाला न जुमानणारा संसर्ग हाडापर्यंत गेला तर, आणि तेव्हाही ते त्या एका बोटापुरते असते.