दिनविशेष : ५ सप्टेंबर
१९४४ : मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांचा जन्म, आता पाकिस्तानात असलेल्या करयाल गावी. फाळणीनंतर कुटुंब हरियाणातील राजौंदला आले. लुधियाना, दिल्ली, मग ओहायोत शिक्षण. नायजेरियातील इबादानला त्यांनी बिननांगरटीची शेती आणि पीक-अवशेषांच्या आच्छादनावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. मातीत कर्ब राखला तर पीकही साधते आणि हवेतला कार्बनही मुरतो, हे जगापुढे मांडले. २०२० मध्ये जागतिक अन्न पुरस्कार; पद्मश्री मात्र त्यानंतर, २०२१ ला!

आदिलाबादच्या काळ्या रानात वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात. लालांचे सांगणे नेमके उलटे : मातीतून घेतलेले मातीला परत द्या. बेला-जैनथच्या शेतकऱ्यांनो, यंदा एकरभर पऱ्हाटीची तरी कुटी करून रानातच गाडा.