आठ भोकांची चकती

आपल्या पानावर धार-देवासच्या आठवणी येतात, त्यात धारचा किल्ला असतो, दुसऱ्या बाजीरावांचा जन्म असतो, देवासच्या थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे किस्से असतात. मोटारी मात्र लग्नाच्या फोटोत मागे उभ्या दिसतात तेवढ्याच. त्या चालू कोण ठेवत होतं, यावर कुणी लिहीत नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस, यंत्रातलं मला शिकून काही येत नाही. पण 1984 साली नालछ्याच्या शाखेत असताना एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, ते लिहून ठेवतो.

नालछा म्हणजे धारहून मांडूला जाताना शेवटचं मोठं गाव. तेराव्या शतकात पंडित आशाधर यांनी इथल्या नेमिनाथाच्या मंदिरात बसून ग्रंथ लिहिले. 1820 च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी इथला पडका महाल दुरुस्त करून उन्हाळ्यात राहायला घेतला होता. मी गेलो तेव्हा गावाची ओळख एवढीच, की मांडूचा चढ लागण्याआधी गाड्या इथे पाणी भरायला थांबायच्या.

धारला तेव्हा रेल्वे नव्हती. मांडू बघायला येणारे इंदूरहून मोटारीने यायचे, आणि पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने हाच खरा हंगाम. धारच्या एका जुन्या मराठी घराण्याचं पोट या हंगामावर होतं. 1951 च्या मध्य भारताच्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या, जमीन वाटणीत विरली, उरली एक प्लिमथ. 1948 सालची, मुंबईत कुर्ल्याला जोडलेली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून तिथे क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात केली होती. घरातल्या आबांनी ती हौसेने घेतली, मुलांनी ती पोटासाठी टॅक्सीला लावली. आबांना ते आवडलं नव्हतं, पण मागच्या सीटवर परकी माणसं बसली की ते निदान खिडकीतून बघायचं थांबवायचे.

त्या मे महिन्यात नालछ्याच्या अलीकडे गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलने दम सोडला. क्राउनचे तीन दात उडाले, पिनियनचे झिजले. क्रायस्लरचा तो सुटा माल इंदूरच्या बाजारातून कधीच गेला होता. 1953-54 च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्सनी भारतातलं जोडणीचं काम गुंडाळलं, पुढे आयात आवळली गेली, आणि अमेरिकन गाड्या ज्यांच्या दारात होत्या त्यांच्या दारातच म्हाताऱ्या झाल्या. मिळत होता तो ॲम्बॅसॅडरचा माल. म्हणून मुलांनी भंगारातून ॲम्बॅसॅडरचा अख्खा मागचा ॲक्सल उचलला आणि नालछ्यातल्या खरादवाल्याकडे आणला. आमच्याच शाखेच्या कर्जावर त्याने बटाल्याचं लेथ घेतलं होतं, म्हणून माझं तिथे जाणं-येणं. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे.

ॲक्सल बसवणं म्हणजे पाट्यांच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड करणं. ॲम्बॅसॅडरचा ॲक्सल अरुंद, त्यामुळे मागची चाकं दोन्ही बाजूंनी तीन-चार बोटं आत गेली, गाडी मागून जरा लाजल्यासारखी दिसू लागली. ते चाललं. अडलं ते मधल्या शाफ्टवर. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट प्लिमथचा, त्याच्या टोकाच्या फ्लँजला चार भोकं. ॲम्बॅसॅडरच्या पिनियनच्या फ्लँजलाही चारच, पण वर्तुळ लहान. एकाचा बोल्ट दुसऱ्यात जाईना. शिवाय दोघांच्या मध्ये पाऊण इंचाची फट.

गावातल्या एकाने सांगितलं, दोन्ही फ्लँज समोरासमोर धरा आणि वेल्ड मारून टाका. उस्तादाने नुसतं हात जोडले. त्याने जुन्या ट्रकच्या ॲक्सलचं घडीव पोलादाचं टोक कापून आणलं. ओतीव लोखंड घेतलं नाही, कारण शाफ्टला प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. त्याची पाऊण इंच जाडीची चकती करायची होती: एका बाजूला ॲम्बॅसॅडरची चार भोकं, दुसऱ्या बाजूला प्लिमथची चार, एकमेकांच्या मधोमध येतील अशी फिरवून. नालछ्यात तीन फेजची वीज रात्री अकरानंतर धड यायची, म्हणून काम रात्रीचं. मीही दोन रात्री स्टुलावर बसून होतो. घरी बायको विचारायची, बँकेचं ऑडिट रात्री कसलं?

भोकं पाडणं सोपं, असं मला वाटत होतं. खरं काम मध्याचं निघालं. प्रत्येक फ्लँजच्या मध्यभागी गोल खाच किंवा उंचवटा असतो आणि शाफ्टचा मध्य त्यावर ठरतो. बोल्ट फक्त आवळून धरतात. उस्तादाने चकतीच्या एका तोंडाला खाच आणि दुसऱ्या तोंडाला उंचवटा एकाच पकडीत कातला, चकमधून चकती सोडलीच नाही. एकदा सोडून उलटी पकडली की मध्य केसभर सरकतो, आणि मिनिटाला दोन-तीन हजार फेरे फिरणाऱ्या शाफ्टला तो केसही पुरतो. मागच्या तोंडाचं काम त्याने चकती आणि चकच्या मधल्या जागेत, वाकडं हत्यार घालून केलं. पहिल्या चार बोल्टची डोकी चकतीत बुडवली, नाहीतर दुसरा फ्लँज सपाट टेकला नसता.

मग कोनाचं प्रकरण. फुलीचा जॉइंट वाकून फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ते फिटवतो, पण गिअरबॉक्सचा दांडा आणि पिनियन समांतर असतील तरच. आम्हा हिशेबवाल्यांच्या भाषेत, जमा-नावे जुळायला हवेत. पिनियनचं नाक थोडं वर होतं. पाट्याखाली पाचर घालून ते खाली आणलं.

हिशेब मात्र मी करून दिला. प्लिमथचा रेशो साधारण 3.9. ॲम्बॅसॅडरच्या त्या क्राउनचे दात मोजले, 41, पिनियनचे 9. भागाकार 4.56. म्हणजे त्याच वेगाला इंजिन जवळजवळ सहाव्या हिश्शाने जास्त फिरणार, पेट्रोल जास्त जाणार, पण चढाला गाडी हलकी लागणार. मुलगे म्हणाले, आम्हाला चढच चढायचा आहे.

हा चढ ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं कळेल. मांडूचं पठार माळव्यापासून काकडा खोहच्या दरीने तुटलेलं आहे. रस्ता दरीत उतरून वळणं घेत आलमगीर दरवाज्याकडे चढतो. आता त्या काळच्या प्लिमथचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच, तो गिअरबॉक्सच्या मागे, त्याच शाफ्टवर होता. म्हणजे आमची चकती सुटली, तर इंजिनही चाकांपासून तुटणार आणि हँडब्रेकही. गाडीत सहा माणसं, मागे दरी. हे उस्तादाच्याच लक्षात आलं. तो म्हणाला, ॲम्बॅसॅडरच्या चाकांत हँडब्रेकची तार आहे ना, ती जोडल्याशिवाय गाडी देणार नाही. मुलांना घाई होती, पाऊस तोंडावर आला होता, बुकिंग ठरलेलं होतं. चांगलीच वादावादी झाली. शेवटी आबा स्वतः धारहून बसने आले, अर्धा तास गाडीखाली वाकून बघत राहिले, आणि मुलांना म्हणाले, "उस्ताद म्हणतील तसं." तारेला आणखी तीन दिवस गेले, पहिलं बुकिंगही गेलं.

नंतर उस्तादाने रिकामी गाडी चढावर मध्येच उभी केली, गिअर काढला, आणि फक्त तारेच्या ब्रेकवर दहा मिनिटं धरून ठेवली. मी दगड हातात घेऊन मागच्या चाकाशी उभा होतो. दगड लागला नाही.

प्लिमथ पुढे अकरा पावसाळे मांडूला चालली. शाफ्टचे क्रॉस दोनदा बदलले, चकती एकदाही काढावी लागली नाही. लेथचं कर्ज मुदतीच्या आधी फिटलं. त्या फाईलमध्ये यंत्राची किंमत आहे, हप्ते आहेत, तारण आहे. त्यावर काय कातलं गेलं यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. 1995 मध्ये इंदूरच्या एका हौशी गृहस्थांनी गाडी घेतली, मूळ जातीचं डिफरेन्शियल कुठूनसं मिळवलं आणि चकती काढून परत पाठवली. उस्ताद तेव्हा थकले होते. त्यांच्या मुलाने ती ड्रिलच्या टेबलाशी खिळ्याला टांगली. तिच्यावरून त्याने पुढे एका डॉजसाठी तशीच दुसरी कातली.

धार किंवा इंदूरकडच्या कुणाकडे त्या काळी मांडूला काढलेल्या फोटोत काळी प्लिमथ असेल, मागची चाकं जरा आत असलेली, तर खाली जरूर टाका.