नेमसर्व्हर शोध साधन

नेमसर्व्हर शोध साधन हे एखाद्या डोमेन नावाचे अधिकृत नेमसर्व्हर कोणते, हे सांगणारे सॉफ्टवेअर होय. ही माहिती डोमेन नेम सिस्टिम अर्थात डीएनएसमधील ‘एनएस’ प्रकारच्या नोंदींत असते. डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘डिग’ व ‘एनएसलुकअप’ ही या शोधासाठीची परिचित साधने आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेतील उपयोग

भाषिक प्रारूपाचे ज्ञान प्रशिक्षणाच्या काळापुरते मर्यादित असते. डोमेनधारकाने सेवा पुरवठादार बदलल्यास एनएस नोंदी मात्र बदलू शकतात. त्यामुळे एआय एजंट स्मरणावर विसंबून न राहता साधनाला डोमेन नाव पुरवतो आणि नेमसर्व्हरांची यादी मिळवतो.

दस्तऐवजीकरण

एजंट साधनाचा वापर त्याच्या लेखी वर्णनावरूनच ठरवतो. म्हणून ‘डोमेन अस्तित्वात नाही’, ‘एनएस नोंद नाही’ आणि ‘सर्व्हरकडून उत्तर आले नाही’ हे तीन निकाल वर्णनात वेगळे सांगावे लागतात. अन्यथा तात्पुरत्या बिघाडावरून चालू डोमेन बंद असल्याचा निष्कर्ष निघू शकतो. ‘.भारत’सारख्या देवनागरी नावांचे शोधापूर्वी पनीकोडमध्ये रूपांतर करावे लागते. ते कोणी करायचे, हेही नमूद असावे.

मर्यादा

उत्तर काही काळ साठवून ठेवलेले, म्हणजेच जुने असू शकते. नेमसर्व्हरच्या नावावरून डोमेनचा मालक सिद्ध होत नाही.