शनिवारवाड्याची हाक : रात्रीची गोष्ट, दुपारचा खून

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला सगळे एकच विचारतायत, खरंच आवाज येतो का? तर ते आधी सांगून टाकू. आम्ही पुण्यात अभ्यासफेऱ्या काढतो, त्यातल्या काही रात्रीच्याही असतात. शनिवारवाड्याच्या तटाबाहेर रात्री जो आवाज येतो, तो शिवाजी रस्त्यावरच्या वाहनांचा. पण 'भूतबीत काही नसतं' एवढं म्हणून विषय मिटवणं हा आळस झाला. लोक या गोष्टीसाठी वाट वाकडी करून येतात. कोणत्या गोष्टीसाठी येतात आणि कोणत्या गोष्टीसाठी येत नाहीत, हे बघण्यासारखं आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पौर्णिमेची रात्र, काही जण अमावास्या सांगतात. वाडा सामसूम. आणि आतून कोवळ्या आवाजात हाक, 'काका, मला वाचवा.'

आता इतिहास. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वय सतरा. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. कैदी आणि त्याला कैदेत ठेवणारा एकाच छताखाली राहतात, एकाच घरातले सण करतात, अशी ही परिस्थिती. त्यात गारद्यांचा, म्हणजे वाड्यावर पहाऱ्याला असलेल्या पगारी शिपायांचा, पगार थकलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार पगाराची ओरड करत आत घुसले. पेशवा काकाच्या दालनाकडे धावला, काकाला मिठी मारली, आणि तिथेच कापला गेला. अठरा वर्षं नुकती पूर्ण झाली होती. पेशवेपद मिळून नऊ महिने.

इथे आम्ही फेरीतल्या लोकांना थांबवतो आणि विचारतो, वेळ कोणती होती? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, रात्र. नाही. भर दुपार होती, एकच्या सुमाराची. आणि तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. पौर्णिमा जवळ आली होती हे खरं, तेवढा धागा गोष्टीने धरून ठेवलाय. पण डोळ्यांसमोर आणायचा तो सामसूम वाडा नाही. उत्सवातला, माणसांनी भरलेला वाडा, स्वयंपाकघरं चालू, कारकून, आश्रित, दासी, पुजारी, शागीर्द सगळे हजर. सारा प्रकार साधारण अर्ध्या तासात आटोपला. त्या अर्ध्या तासात वाड्यात कितीतरी माणसं होती, आणि त्यांतल्या अनेकांना काहीतरी शिजतंय याची कुणकुण होती. गोष्टीत मात्र रात्र होते, आणि रात्र झाली की साक्षीदार उरत नाहीत.

मेले किती? गोष्टीत एकच मरतो. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी दिलेला आकडा अकरा आहे. पेशव्यासह सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर आणि दोन दासी. नोकरांपैकी चाफाजी टिळेकर याचं नाव टिकलं, कारण तो धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि वार स्वतःवर घेतले. या धामधुमीत एक गायही मेली असं सांगितलं जातं. आमचा अनुभव असा की गाईचं पुष्कळांना ठाऊक असतं. दासींचं विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. त्या दोघी पळत होत्या, मध्ये पडल्या, की नुसत्या वाटेत आल्या? त्यांची हाक ऐकायला कुणी पौर्णिमेला येत नाही.

आणि मारणारे कोण? 'गारदी' हा शब्द मराठीत असा बसलाय की तो उच्चारला की बाहेरून कुणी परके आले आणि घात करून गेले असं वाटतं. सरदेसायांनी कटात सामील असलेल्यांची जी मोजदाद दिली आहे, तीत एकोणपन्नास जण आहेत. त्यांत चोवीस ब्राह्मण आहेत, सारस्वत आहेत, प्रभू आहेत, मराठे आहेत, एक दासीही आहे. गारद्यांपैकी बरेचसे उत्तरेकडचे हिंदू, मुसलमान अवघे पाच. म्हणजे तलवारी गारद्यांच्या असतील, पण दारं आतून उघडली होती. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा बोट गेलं ते थेट रघुनाथरावांकडे, नव्या पेशव्याकडे. तो निकाल त्याच्या तोंडावर सांगायला काय लागत असेल, याची कल्पना करा.

'ध'चा 'मा' हे प्रकरण इथे येणारच. 'धरावे' असं लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही कथा आपल्या भाषेचा वाक्प्रचार होऊन बसली. पण ती सांगताना एक हिशोब करून बघा. एकोणपन्नास माणसांच्या कटाचा सगळा भार एका बाईच्या एका अक्षरावर टाकला की बाकीचे अठ्ठेचाळीस सुटतात. फार सोयीची कथा आहे ती.

मग ही हाक इतकी घट्ट का बसली? आमच्या मते ती 'काका' या शब्दात आहे. त्यात पेशवा नाही, गादी नाही, कर्ज नाही, थकलेला पगार नाही. घरातलं पोर घरातल्या मोठ्याला हाक मारतंय, आणि तो मोठा वाचवत नाही. वाटण्यांवरून, जमिनीवरून तुटलेलं एखादं घर प्रत्येकाने पाहिलेलं असतं. खाडिलकरांनी १९०९ साली या प्रसंगानंतरच्या काळावर नाटक लिहिलं, त्याचं नावच 'भाऊबंदकी'. पुढे १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. ज्यांनी बखर कधी उघडली नाही, त्यांच्याही कानात हा प्रसंग शिरला तो असा.

आता जागेबद्दल, कारण अनेक जण 'ती खोली दाखवा' म्हणतात. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली पायाभरणी केलेला, पुढे वाढत गेलेला लाकडी महालांचा वाडा आज नाहीच. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे तुरुंग केला, दवाखाना केला, वेड्यांचं इस्पितळही काही काळ तिथे होतं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि आतलं जवळजवळ सगळं जळालं. उरले ते तट, दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आणि जोती. तेव्हा ज्या दालनातून हाक येते म्हणतात, तिथे आज हिरवळ आहे. खुनाची म्हणून हाताने दाखवता येईल अशी एकच वास्तू आहे, नारायण दरवाजा. आधी त्याला जांभूळ दरवाजा म्हणत. नारायणरावाचं प्रेत तिथून बाहेर नेलं, म्हणून नाव बदललं. लोक दिल्ली दरवाजासमोर फोटो काढतात आणि तिकडे फिरकतही नाहीत.

शेवटचं एक. नारायणराव मारला गेला तेव्हा त्याची बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर सांभाळलं. तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला, नाना फडणीसांच्या देखरेखीत वाढला. ऑक्टोबर १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून तो खाली कारंज्यापाशी पडला आणि दोन दिवसांनी गेला. तोल गेला की त्याने उडी घेतली, यावर अजून वाद चालतो. बाप आणि मुलगा एकाच वाड्यात संपले, दोघेही कोवळ्या वयात. पण मुलाने कुणाला हाक मारल्याची गोष्ट नाही, आणि त्याच्यासाठी रात्री तटाबाहेर कुणी उभं राहत नाही. कारंज्याची जागा आतल्या बागेत आहे. वाडा बघायला गेलात तर दुपारी एकच्या सुमारास जा, ऊन असेल, पण गर्दी कमी असते आणि जोती नीट दिसतात.