बोर्डामागची टापटीप

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत. दिवे लावणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात गेली. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली, १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईला येऊ लागली. विजेचा इतिहास आपण असाच सांगतो. कंपन्या, धरणं, ट्राम. पण मीटरपासून दिव्यापर्यंतचे शेवटचे पंचवीस-तीस फूट कोणी ओढले? त्या वायरमनविषयी फारसं लिहिलेलं सापडत नाही. त्याचा इतिहास वाचायचा तर जुन्या घरांच्या भिंतींवरच वाचावा लागतो.

सुरुवातीचं वायरिंग म्हणजे निम्मं सुतारकाम होतं. सागवानी पट्टी, तिला लांबीच्या दोन खाचा, एका खाचेत फेजची तार, दुसरीत न्यूट्रल आणि वरून स्क्रूने बसवलेली झाकणपट्टी. याला केसिंग-कॅपिंग म्हणत. तारांवर रबराचं आणि सुती विणीचं आवरण असे. दमट हवेत ते फार काळ टिकत नसे, म्हणून दोन तारांमध्ये लाकडाची भिंत हवी. कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून अशा भिडवायच्या की मधे नखही जाऊ नये. फट राहिली की ओल आत, झुरळं आत. तेव्हा हा सांधा नुसता डोळ्यांना बरा दिसावा म्हणून केलेला नव्हता. घर जळू नये म्हणून तो तसा होता. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजून कुठे कुठे या पट्ट्या दिसतात. बहुतेकांवर रंगाचे इतके हात बसलेत की लाकूड कुठलं, भिंत कुठली, कळत नाही.

मग रबरी कवचाच्या आणि नंतर पीव्हीसीच्या तारा आल्या. कवच मजबूत झालं, लाकूड पातळ झालं. एकच चपटी पट्टी, तिच्यावर तारा उघड्या, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या कथलाच्या मुलाम्याच्या छोट्या क्लिपा. आडव्या पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला एक, उभ्या पट्टीवर दर पंधराला एक, असा नियम. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि त्यानंतरच्या दोन दशकांत तालुक्याच्या गावांतल्या घरोघरी जी वीज पोचली, ती बहुतेक याच पट्टीवरून. माझ्या पिढीने डोळे उघडले ते हिच्याखाली.

मिरजेला आमच्या गल्लीत एक वायरमन होते. सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव, लाकडाला पॉलिश कसं चढतं हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. चाचा काम सुरू करण्याआधी निळीत भिजवलेला दोरा भिंतीवर ताणून टण्णकन सोडायचे. निळी रेघ उमटली की तिच्याबाहेर पट्टी जाणं हराम. गोल लाकडी गट्टू बसवताना त्याच्या शिरा पट्टीच्या शिरांना समांतर ठेवायचे. बोर्डाचे चारही स्क्रू पिळून झाले की प्रत्येकाची खाच उभी करायचे, सैनिकांची रांग लागावी तशी. आम्ही मुलं विचारायचो, "चाचा, हे कशाला?" ते म्हणायचे, "आडव्या खाचेत धूळ बसते बेटा, चुना बसतो. उद्या दुसरा कोणी खोलायला आला तर त्याचा पेचकस बसायला नको का?" हे खरं की शौक, हे मला आजही सांगता येणार नाही. थोडं दोन्ही असावं. पण एक गोष्ट निश्चित कळायची. कोणी तरी त्या स्क्रूला शेवटचा हात मुद्दाम लावला होता. सैल स्क्रू उभ्या खाचेचा नसतो.

चाचा तार दातांनी कधी सोलत नसत. ही सवय वायरमन मंडळींत फार, एक हात शिडीला आणि तार दातांत. त्या काळी आपल्याकडे घरात बहुतेक ॲल्युमिनियमची तार असे, कारण तांबं महाग आणि बाहेरून आणावं लागे. ॲल्युमिनियमचा स्वभाव वाईट. दाताची किंवा पात्याची खूण उमटली की दोन-तीनदा वाकवल्यावर तिथेच तुटणार. स्क्रूखाली दाबलं तर काही महिन्यांत चपटं होऊन सैल पडणार, सैल पडलं की तापणार. म्हणून चाचा पातं तिरपं धरून पेन्सिल तासावी तसं कवच काढायचे. आणि होळी-दिवाळीला, ईदच्या आधी, स्वतः लावलेल्या बोर्डांचे स्क्रू पुन्हा आवळून जायचे. पैसे घेत नसत, चहा घेत.

ही सगळी टापटीप उघड्यावर होती, हे लक्षात घ्यायला हवं. घरात आलेला पाहुणाही मान वर करून म्हणे, "काम चांगलं झालंय हं." वाकडी पट्टी वायरमनची अब्रू घालवी. मग इमारतींत आणि हळूहळू साध्या घरांतही कन्सिल्ड वायरिंग आलं. भिंतीला झिरी मारायची, पाइप गाडायचा, लोखंडी पेटी बसवायची आणि वरून प्लॅस्टर. भिंती स्वच्छ झाल्या आणि साक्षीदार संपले. मजुरी पॉइंटवर ठरू लागली. इतके पॉइंट, इतके पैसे. पेटीच्या आत काय केलं याला दर नाही.

पण खरं काम तिथेच असतं. झिरी सरळ खाली उतरवायची असते, म्हणजे उद्या खिळा ठोकणाऱ्याला बटणाच्या वर-खाली ठोकू नये एवढं तरी कळेल. तिरपी मारली तर दोन फूट पाइप वाचतो आणि खिळा तारेत जातो. प्लॅस्टरवाला येण्याआधी पेटीत कागद कोंबायचा असतो, नाहीतर ती सिमेंटने भरते आणि स्क्रूचे आटे जातात. पेटीत हातभर नाही तरी वीतभर तार जास्त ठेवायची, घडी घालून. आमच्या घरात एक पेटी उघडली तेव्हा कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्राचा बोळा निघाला. तार मात्र इतकी तोकडी की बोर्ड भिंतीपासून चार बोटंही पुढे येईना. कागद कोंबणारा शहाणा होता, तार कापणारा घाईत होता. कदाचित दोन्ही एकच माणूस असेल, सकाळचा आणि संध्याकाळचा.

घाईची किंमत कोण मोजतो? माझ्या मावसबहिणीने नव्या फ्लॅटमध्ये बल्ब बदलायला हात वर केला. बटण बंद होतं. झटका बसून ती स्टुलावरून पडली, मनगट मोडलं. बोर्ड उघडल्यावर दिसलं की बटण फेजच्या तारेत नव्हतं, न्यूट्रलमध्ये होतं. दिवा विझत होता, पण होल्डर जिवंत होता. सगळीकडे लाल तार वापरलेली, कारण लाल गुंडाळी शिल्लक होती. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंगची हिरवी, ही आपली जुनी रीत पाळली असती तर चूक करणाऱ्याला ती तिथेच दिसली असती. न्यूट्रलमध्ये एकटं बटण किंवा फ्यूज घालू नये, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून कागदावर आहे. काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं, हेही त्याच नियमांत होतं. प्रत्यक्षात टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याने घर पाहिलेलंच असतं असं नाही. तारा ओढणारा पोरगा मात्र दिवसभर भिंतीशी असतो, आणि त्याला शिकवणारा चाचा असला तर असतो. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, तिथे रंग, क्लिप, अर्थिंग सगळं शिकवतात. कागद कोंबायची सवय शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहूनच लागते.

आता तीस मिलिअँपिअरवर वीज तोडणारी उपकरणं आली आहेत आणि ती घरात असावीतच. पण आतला सैल स्क्रू त्यांना दिसत नाही. तो गळती न करता नुसता तापत राहतो.

गंमत म्हणजे ती खाचांची पट्टी परत आली आहे, सागवानी नाही, पांढऱ्या पीव्हीसीची. दुकानं, दवाखाने, भाड्याच्या खोल्या, जिथे भिंत फोडता येत नाही तिथे. कोपऱ्यासाठी तयार एल्बो मिळतो, पंचेचाळीस अंश कोणी कापत नाही. परवा एका दवाखान्यात बसलो असताना वर पाहिलं, तर छताच्या कोपऱ्यात एल्बो नव्हता. पट्टी कापून भिडवलेली होती, फट नव्हती. कोणी केलं म्हणून विचारलं, तर तिथल्या मुलीला ठाऊक नव्हतं. "का, लाइट गेलीय का?" असं म्हणून तिने बटण दाबून पाहिलं.