सूर्य शांत, विश्वकिरण प्रखर

सूर्यावर डागांची गर्दी झाली, की सौरवादळांच्या धोक्याची चर्चा सुरू होते. सूर्य शांत झाला, की ती विरते. आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांचा हिशेब मात्र याच्या उलट आहे. सूर्य शांत असताना पृथ्वीच्या परिसरात या किरणांचा मारा वाढतो आणि तो खवळलेला असताना घटतो. सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्राबरोबर हा चढउतार अव्याहत चालू असतो.

नावाने किरण, प्रत्यक्षात कण

ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच हजार मीटरहून अधिक उंची गाठली. तेथे प्रारणाची तीव्रता जमिनीपेक्षा कितीतरी जास्त आढळली. हे प्रारण अवकाशातून येत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यासाठी १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे 'किरण' म्हणजे वस्तुतः प्रचंड वेगाचे विद्युतभारित कण होत. त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, त्याखालोखाल हेलियमची अणुकेंद्रे आणि अल्प प्रमाणात जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रे असतात. त्यांपैकी बहुतेकांचे उगमस्थान सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट पावलेल्या महाकाय ताऱ्यांचे अवशेष, असावे असे मानले जाते.

फोर्बुश यांचे निरीक्षण

सौरवादळानंतर विश्वकिरणांची तीव्रता अचानक घटते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. ही घट आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९५४ मध्ये अनेक वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली : सौरडागांची संख्या वाढते, तेव्हा विश्वकिरण कमी होतात. जॉन सिम्प्सन यांनी १९४८ मध्ये विकसित केलेल्या 'न्यूट्रॉन मॉनिटर' या उपकरणामुळे अशा नोंदी सातत्याने ठेवणे शक्य झाले. ध्रुवांकडील केंद्रांवर या नोंदींतील फरक साधारण १५ ते २० टक्के भरतो. वातावरणाबाहेर कमी ऊर्जेच्या कणांची संख्या तर कित्येक पटींनी बदलते.

सौरवाऱ्याची ढाल

सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला सौरवारा म्हणतात. त्याचे अस्तित्व युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये सिद्धान्ताने मांडले. हा वारा सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही बरोबर वाहून नेतो आणि सूर्यमालेभोवती एक विशाल आवरण तयार करतो. आत शिरू पाहणारे विश्वकिरण या क्षेत्रातील वेड्यावाकड्या रेषांवर आदळून विखुरतात, मागे रेटले जातात व त्यांची ऊर्जाही घटते. सूर्य सक्रिय असताना हे क्षेत्र अधिक तीव्र व गुंतागुंतीचे होते. त्यात सौरस्फोटांतून फेकलेल्या चुंबकीय ढगांची भर पडते आणि ढाल बळकट होते.

आवरण इतके मोठे आहे, की सूर्यावरील बदलाचा परिणाम सर्वत्र पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे विश्वकिरणांतील बदल सौरडागांच्या मागे काही महिने, कधी वर्षभरही, रेंगाळतो. 'व्हॉएजर-१' हे यान २५ ऑगस्ट २०१२ रोजी या आवरणाबाहेर पडले. तेव्हा त्याच्या उपकरणांनी आकाशगंगेतील विश्वकिरणांत झालेली लक्षणीय वाढ टिपली.

सूर्याचे चुंबकीय ध्रुव दर अकरा वर्षांनी अदलाबदल करतात. त्यामुळे पूर्ण चक्र बावीस वर्षांचे ठरते. याची खूण विश्वकिरणांच्या आलेखातही उमटते. १९६५ व १९८७ च्या सुमारास आलेखाची शिखरे टोकदार होती, तर १९७६ व १९९७ च्या सुमाराची सपाट.

उटी येथील वेध

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ही दुसरी ढाल. विषुववृत्तालगत ती सर्वांत प्रभावी असते. दक्षिण भारतात थेट वरून येणाऱ्या प्रोटॉनला सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. इतक्या ऊर्जेच्या कणांवर सूर्याचा प्रभाव थोडाच पडतो. म्हणून येथे सूक्ष्म मोजमाप लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'ग्रेप्स-३' हा प्रकल्प उटी येथे हेच काम करतो. तेथील ५६० चौरस मीटरच्या म्युऑन दुर्बिणीने २२ जून २०१५ रोजी सुमारे दोन तास विश्वकिरणांची वाढ नोंदविली. सौरवादळाच्या आघाताने पृथ्वीची चुंबकीय ढाल तात्पुरती दुबळी झाल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी त्यावरून काढला.

मंगळमोहिमेपुढील पेच

या अभ्यासाचा थेट संबंध मानवाच्या अवकाशप्रवासाशी आहे. मंगळाकडे जाताना 'क्युरिऑसिटी' यानातील उपकरणाने विश्वकिरणांची मात्रा दररोज सरासरी सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट इतकी मोजली. काही महिन्यांच्या प्रवासात ती चिंताजनक ठरते. हे कण इतके भेदक असतात, की यानाच्या भिंती त्यांना पुरेशा रोखू शकत नाहीत. सूर्य सक्रिय असताना प्रवास केल्यास हा मारा कमी होतो. पण त्याच काळात सौरस्फोटांतील कणांचा अकस्मात तडाखा बसण्याची भीती असते.

२००९ मध्ये सूर्य असामान्य शांत होता. त्या वेळी विश्वकिरणांची तीव्रता अवकाशयुगातील तोवरच्या नोंदींपेक्षा सुमारे १९ टक्के अधिक आढळली. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंचविसाव्या सौरचक्राने २०२४ च्या सुमारास शिखर गाठले. आता उतार सुरू झाल्यावर, या दशकाच्या अखेरीकडे जाताना, ही तीव्रता पुन्हा वाढत जाईल. चंद्र आणि मंगळ मोहिमांचे वेळापत्रक आखणाऱ्यांना सूर्याच्या वादळांइतकाच त्याच्या शांततेचाही विचार करावा लागणार आहे.